नाशिकहून थायलंड: घरून काम करणाऱ्यांसाठी सहा महिन्यांच्या मुक्कामाची तयारी

हा लेख सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी नाही. काम लॅपटॉपवर, पगार भारतातल्या कंपनीकडून किंवा बाहेरच्या क्लायंटकडून, आणि चार-सहा महिने एखाद्या उष्ण कटिबंधातल्या देशात बिऱ्हाड मांडायचंय, अशा नाशिककरांसाठी आहे. उदाहरण थायलंडचं घेतलंय, कारण पहिल्यांदाच जाणाऱ्याला तो देश सर्वांत सोपा पडतो असं माझं मत आहे. मलेशिया आणि मॉरिशसचा विषय मध्ये येईल.

लोक आधी समुद्रकिनारा निवडतात, मग तिकीट काढतात आणि व्हिसा, कर, विमा यांचं शेवटी बघतात. याच्या उलट चला. आधी कॅलेंडर समोर घ्या. जाण्याची आणि परतण्याची तारीख ठरली की निम्मे प्रश्न सुटतात, आणि चुकीची ठरली तर निम्मे नव्याने उभे राहतात.

१. तारखा ठरवा

आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, थायलंडचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. एका कॅलेंडर वर्षात १८० किंवा जास्त दिवस थायलंडमध्ये राहिलात, तर तिथला कायदा तुम्हाला कर-रहिवासी मानतो. २०२४ पासून अशा रहिवाशाने परदेशातली कमाई थायलंडमध्ये आणली, तर त्यावर तिथे कर लागू शकतो. इकडे भारतात एका आर्थिक वर्षात १८२ किंवा जास्त दिवस राहिलात, तर तुम्ही इथले रहिवासी, आणि तुमचा पगार, टीडीएस, बँक खाती सगळं आहे तसंच चालू राहतं.

आता गणित पाहा. जानेवारीच्या पहिल्या तारखेला जाऊन पूर्ण १८० दिवस राहिलात, तर ते सगळे थायलंडच्या एकाच करवर्षात पडतात. तेच ऑक्टोबर ते मार्च राहिलात, तर ९२ दिवस एका वर्षात आणि ९० दुसऱ्या वर्षात. दिवस जवळपास तेवढेच, पण १८० च्या रेषेजवळही जात नाहीत. आणि एप्रिल ते सप्टेंबर हे १८३ दिवस तुम्ही नाशिकात होतात, म्हणजे भारतातही रहिवासीच राहिलात. भारत आणि थायलंड यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. भारतीय कंपनीचा पगार घेणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, पण फ्रीलान्सरचं प्रकरण थोडं वेगळं. म्हणून तारखांचा कागद घेऊन एकदा सीएकडे जाऊन या, आणि तिकीट काढायच्या आधी जा.

हवामानही याच काळात तुमच्या बाजूने असतं. थायलंडमध्ये साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोरडी आणि त्यातल्या त्यात गार हवा, मार्चपासून भाजून काढणारा उन्हाळा. उत्तरेला, म्हणजे चियांग माईकडे, फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर दाटतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी त्या महिन्यांत तिथे राहूच नये. दक्षिणेत अंदमान समुद्राच्या बाजूला, फुकेत आणि क्राबीकडे, नोव्हेंबर ते एप्रिल कोरडं असतं. मात्र थायलंडच्या आखातातल्या को समुई बेटाला पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये गाठतो, त्यामुळे 'दक्षिणेत जाऊ' एवढंच ठरवून भागत नाही.

माझा सल्ला: शक्य असेल तर दिवाळी घरी करून निघा, जानेवारीअखेरपर्यंत चियांग माईत राहा आणि धूर सुरू झाला की दक्षिणेत उतरा. लवकर निघालात तर एक फायदा आहे. नोव्हेंबरच्या पौर्णिमेला तिथे लॉय क्रथोंग असतो, नदीत दिवे सोडतात. बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपासच. गोदाघाटावर वाढलेल्या माणसाला त्या रात्री फार परकं वाटत नाही. द्राक्षांचा हंगाम मात्र चुकेल, त्याला इलाज नाही.

२. घड्याळ जुळतंय का बघा

थायलंड भारताच्या दीड तास पुढे. भारतीय ऑफिसची सकाळी दहाची मीटिंग तिथे साडेअकराला, सकाळ मोकळी मिळते. लंडनचा क्लायंट उन्हाळी वेळेत नऊला कामाला बसतो तेव्हा बँकॉकमध्ये दुपारचे तीन वाजलेले असतात. हेही ठीक. गोची अमेरिकेची. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे नाशिकात उन्हाळी वेळेत संध्याकाळचे साडेसहा, थायलंडमध्ये रात्रीचे आठ; हिवाळ्यात तर नऊ. तुम्ही जाणार नेमके हिवाळ्यातच. रोज रात्री नऊ ते एक कॉलवर बसायचं असेल, तर समुद्राशेजारी राहून काय साधलं?

अशांनी मॉरिशसचा विचार करावा. तो भारताच्या दीड तास मागे आहे, न्यूयॉर्कचे नऊ तिथे संध्याकाळी पाच किंवा सहा. एक वर्षापर्यंतच्या प्रीमियम व्हिसाला शुल्क नाही आणि महिना १,५०० डॉलर उत्पन्नाची अट आहे. यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून तिथे चालतं. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. फक्त ऋतू उलटे: नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचा काळ, मे ते ऑक्टोबर सुखाचा. विमानभाडंही थायलंडपेक्षा जड. मलेशियाचा डीई रांताऊ पास, म्हणजे दूरस्थ काम करणाऱ्यांसाठीचा परवाना, आयटीवाल्यांना सोयीचा आहे, त्यांना वर्षाला २४,००० डॉलरची अट. इतर क्षेत्रांतल्यांना मात्र ६०,००० डॉलर लागतात, तिथे बरेच जण अडतात.

३. कंपनीकडून लेखी परवानगी

'मॅनेजर हो म्हणाला' याला परवानगी म्हणत नाहीत. एचआरकडून ईमेल किंवा पत्र घ्या आणि त्यात देश, कालावधी आणि 'परदेशातून काम करण्यास हरकत नाही' हे स्पष्ट असू द्या. आयटी सुरक्षा विभागाला वेगळं विचारा, कारण काही कंपन्यांची यंत्रणा परदेशातून लॉगिन झालं की खातं बंद करते. बँकिंग किंवा आरोग्य क्षेत्रातला डेटा हाताळत असाल, तर करारातच देशाबाहेर न्यायला बंदी असू शकते. न सांगता व्हीपीएन लावून जाणारे आहेत, पण मी तो सल्ला देणार नाही. आणि हे पत्र व्हिसालाही लागतंच.

फ्रीलान्सरांनी चालू करार, गेल्या काही महिन्यांची बिलं आणि केलेल्या कामाचे नमुने एका पीडीएफमध्ये लावून ठेवावेत.

४. व्हिसा

पर्यटक म्हणून जाऊन तिथे बसून काम करणं हा आतापर्यंतचा सर्रास मार्ग होता. जुलै २०२४ मध्ये थायलंडने डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, म्हणजे डीटीव्ही, आणला आणि दूरस्थ काम करणाऱ्यांना सरळ दार उघडलं. तो पाच वर्षांचा आहे, कितीही वेळा जा-ये करता येते, एका प्रवेशावर १८० दिवस राहता येतं आणि तिथल्या इमिग्रेशन कचेरीत अर्ज करून एकदा मुदत वाढवून मागता येते. वय किमान २०, शुल्क १०,००० बाट. मुख्य अट म्हणजे खात्यात ५ लाख बाट दाखवायचे, रुपयांत चौदा लाखांच्या आसपास. पैसे खर्च करायचे नसतात, असल्याचं दाखवायचं असतं. पण अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून आणून भरलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये लगेच दिसते. किमान तीन महिन्यांचं स्टेटमेंट स्वच्छ ठेवा.

अर्ज थायलंडच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावर होतो आणि तो करताना तुम्ही थायलंडबाहेर असायला हवं. एजंट लागत नाही. नवरा-बायको दोघं जाणार असाल, तर जोडीदाराला आणि २० वर्षांखालच्या मुलांना आश्रित म्हणून हाच व्हिसा मिळतो, मात्र प्रत्येकाचा अर्ज आणि शुल्क वेगळं. निघायच्या दोन महिने आधी अर्ज टाका, व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका. शुल्क आणि अटी बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावर काय लिहिलंय तेच खरं धरा. या व्हिसावर थाई कंपनीत नोकरी करता येत नाही.

पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर हे सगळं सुरू करण्याआधी नूतनीकरण करा. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकमध्येच आहे, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

एक इशारा. 'थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, राहणं-जेवण फुकट, तिकीट आम्ही काढतो' असे मेसेज महाराष्ट्रातल्या पोरांनाही येतात. अशा मुलांना थायलंडच्या सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावड्डीला नेऊन सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेलं आहे. मार्च २०२५ मध्ये शेकडो भारतीयांना थायलंडच्या सीमेवरच्या माए सॉटहून हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. तुमची नोकरी आधीपासून तुमच्याकडे आहे, तिथे जाऊन मिळणार नाहीये, हा फरक घरच्यांनाही समजावून सांगा. निम्मी काळजी कमी होईल.

५. आधी कोकणात चाचणी

नाशिकची हवा कोरडी. निफाडला पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या वाचत आपण चहा पितो. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावरचा दमटपणा वेगळाच असतो: अंग सतत चिकट, कपडे वाळत नाहीत, लॅपटॉपचा पंखा दिवसभर घोंघावतो. म्हणून एवढे पैसे गुंतवण्याआधी मे महिन्यात आठ दिवस मालवण किंवा दापोलीला खोली घ्या आणि ऑफिसचं पूर्ण काम तिथून करून बघा. एसीशिवाय किती तास बसवतं, मोबाइल डेटावर व्हिडिओ कॉल निभतो का, एकट्याने जेवणाची सोय लावता येते का, हे तिथेच कळतं. आठव्या दिवशी घरची ओढ असह्य झाली, तर सहा महिन्यांऐवजी दोन महिन्यांचा बेत करा.

६. पैसा

चियांग माईत एकट्या माणसाला नीट राहायला महिन्याला साधारण ३० ते ४० हजार बाट धरा. भाडं १० ते १५ हजार, उरलेलं खाणं, वीज, प्रवास आणि फिरणं. बँकॉक आणि फुकेत महाग.

भाड्यात एक खुबी लपलेली असते, ती म्हणजे विजेचा दर. सरकारी दर युनिटला चार बाटच्या आसपास असतो, पण बरेच इमारतमालक सात-आठ बाट लावतात. एसी दिवसभर चालणार असेल तर हा फरक भाड्याइतकाच महत्त्वाचा. करार करताना विचारा की बिल थेट वीज कंपनीला भरायचं की मालकाला. अनामत साधारण दोन महिन्यांची मागतात. पहिला आठवडा हॉटेलात काढा, चार खोल्या डोळ्यांनी पाहा, इंटरनेटचा वेग खोलीत बसून तपासा आणि मगच सही करा. ऑनलाइन फोटो पाहून सहा महिन्यांचे पैसे पाठवू नका.

भारतातून परदेशात पैसे नेण्याची मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, तिच्याजवळ आपण पोहोचत नाही. आर्थिक वर्षात १० लाख रुपयांवर रक्कम पाठवली, तर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर अडकतो. तिथल्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त आकार पडतो, त्यामुळे थोडे थोडे काढण्यात नुकसान. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं आणि एक फॉरेक्स कार्ड घ्या, आणि सगळी एकाच पाकिटात ठेवू नका.

ओटीपीसाठी भारतीय सिम जिवंत ठेवणं हे सर्वांत दुर्लक्षित काम. नाशिकातच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, सहा महिन्यांचं रिचार्ज मारा आणि बँकेचे एसएमएस येतील एवढं बघा. तिकडचं सिम पासपोर्ट दाखवून लगेच मिळतं. दोन सिमचा फोन नसेल तर आता घ्या.

७. तब्येत, औषधं, स्कूटर

आपली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी बहुतेक वेळा भारताबाहेर चालत नाही. प्रवास विमा संपूर्ण मुक्कामाचा काढा, आणि मुदत मध्येच संपत नाही ना हे तारखेनिशी तपासा. थायलंडमधली खासगी रुग्णालयं उत्तम आहेत, पण बिलं तशीच.

रोजची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, मूळ पाकिटात न्या. ट्रामाडॉल, कोडीन असलेला खोकल्याचा पातळ डोस, झोपेच्या आणि मानसोपचाराच्या गोळ्या यांवर तिथे निर्बंध आहेत. नेण्याआधी नियम वाचा. ई-सिगारेट बेकायदा आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून लांब बाह्यांचे सुती कपडे खुर्चीवर काम करतानाही कामी येतात.

स्कूटर सगळेच चालवतात आणि विमा कंपन्या सर्वांत जास्त हात झटकतात त्या तिथेच. पेठ रोडच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घ्या, वर्षभर चालतं. तुमच्या मूळ लायसन्सवर गिअरच्या दुचाकीचा वर्ग नोंदलेला असू द्या. चारचाकीच्या लायसन्सवर स्कूटर चालवून पडलात, तर विम्याचा दावा नाकारला जाऊ शकतो. हेल्मेट घाला. नाशिकात घालत नसलात तरी.

८. सामान आणि स्वयंपाक

शाकाहारी असाल तर हा मुद्दा मनावर घ्या. थाई स्वयंपाकात माशाचा सॉस, ज्याला नाम प्ला म्हणतात, मिठासारखा पडतो. पपईच्या साध्या कोशिंबिरीतही तो असतो, कधी वाळलेली कोळंबीही. 'भाजी आहे' म्हणजे शाकाहारी असं नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेलं दुकान शोधा, तिथे मांस-मासे नसतात, कांदा-लसूणही टाळतात.

खोल्यांमध्ये गॅस शेगडी सहसा नसते, म्हणून इंडक्शनवर चालणारा लहान कुकर न्या. तांदूळ तिथे आहेच, सोललेली मूगडाळही बाजारात मिळते. नाशिकहून न्यायचं ते काळा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, हिंग, आणि पहिल्या आठवड्यासाठी चिवडा. सीलबंद पाकिटं घ्या. ताजी फळं, रोपं, मांस नेऊ नका. बँकॉकला गेलात तर फाहुरातच्या भारतीय बाजारात जवळपास सगळं मिळतं. नळाचं पाणी पीत नाहीत. इमारतीखाली बाटली भरायची यंत्रं असतात, बाटभरात लिटर.

आपला तीन गोल पायांचा प्लग तिथे बसत नाही, दोन पायांचा बसतो. दोन अडॅप्टर आणि एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड पुरतो, वीज २२० व्होल्टच आहे. पॉवर बँक केबिनच्या बॅगेत. महागडा कॅमेरा नेत असाल, तर जाताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना वाद होत नाही.

९. नाशिकचं घर

घरपट्टी, पाणीपट्टी, महावितरणचं बिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स निघण्याआधी भरा किंवा ऑटो-पे लावा. सिलिंडर बंद, पाण्याचा मुख्य कॉक बंद, आणि एक किल्ली शेजारच्या काकूंकडे. आई-वडील घरी असतील, तर त्यांच्या डॉक्टरांचा नंबर, मेडिक्लेमची प्रत आणि रात्री-अपरात्री येऊ शकेल अशा एका माणसाचं नाव फ्रिजवर चिकटवा. जागेचे काही व्यवहार मध्येच अडकणार असतील, तर विश्वासातल्या व्यक्तीला मुखत्यारपत्र देऊन जा, परदेशातून ते करून पाठवणं वेळखाऊ आहे.

१०. निघताना आणि पोहोचल्यावर

ओझरहून देशांतर्गत विमानं आहेत, पण बँकॉकसाठी मुंबईच सोयीची, साधारण साडेचार तासांचं उड्डाण. मुंबई गाठायला आता समृद्धी महामार्ग आहे. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, मात्र भिवंडीनंतरची कोंडी आहे तशीच आहे. दिवसा निघा आणि हाताशी तीन-चार तास जास्त ठेवा.

पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ बनावट समजा.

खोली घेतलीत की मालकाने २४ तासांत तुमची नोंद इमिग्रेशनकडे करायची असते, तिला टीएम३० म्हणतात. मालक टाळाटाळ करतात, पण पुढे मुदतवाढ मागताना हीच पावती विचारली जाते, म्हणून करारावर सही करतानाच तिचं बोलून घ्या. सलग ९० दिवस झाले की पत्त्याची नोंद तुम्ही स्वतः करायची. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट दंड, कमाल २०,०००. राजघराण्याबद्दल टिंगलटवाळी समाजमाध्यमांवरही करू नका, त्याला तीन ते पंधरा वर्षांची शिक्षा आहे. गांजाची दुकानं दिसतील. जून २०२५ पासून तिथे नियम पुन्हा कडक झालेत आणि भारतात आणलात तर थेट एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा. पासपोर्ट हरवला तर बँकॉकला दूतावास आहे आणि चियांग माईतही भारताचं वाणिज्य दूतावास आहे.

परतायच्या महिनाभर आधी मालकाला लेखी कळवा, खोलीचे फोटो काढून ठेवा आणि अनामत रोखीत की खात्यात मिळणार ते तेव्हाच ठरवा. जाता-येतानाचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये जपा. जुलैत रिटर्न भरताना सीए दिवस मोजायला तेच मागेल.